हसण्याचं पथ्य

पहिली गाठ हाताला लागली तेव्हा ऋजुता जुईला मऊभात भरवत होती. जुईने तोंडातला घास फुर्रकन उडवला, त्यातली दोन-तीन शितं ऋजुताच्या गालावर बसली, आणि ती पुसायला गेलेलं बोट डाव्या डोळ्याखाली अडखळलं. शीतच असेल म्हणून तिने परत पुसलं. शीत निघालं. दाणा तिथेच राहिला, कातडीच्या आत.

जुईचा घास हातात तसाच धरून ती आरशाकडे गेली. दिसत काहीच नव्हतं. गाल कसे छान भरलेले, नितळ. पण बोट फिरवलं की लागायचं. तांदळाच्या कणीएवढं, टणक, दाबलं की जरा सरकणारं.

ऋजुता मुळातच अशी की झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणार. एकदा बघून झालं तरी, आता आपण बघितलं म्हणून तर थांबला नसेल ना, या शंकेने परत बघणार. त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिने स्वतःचा अख्खा चेहरा चाचपून काढला होता. ओठाच्या कोपऱ्याशी दुसरी गाठ सापडली. गालाच्या उंचवट्यावर आणखी दोन.

"काही दिसत नाहीये गं," तिचा नवरा मंदार म्हणाला. तो सौरपंपांच्या कंपनीत होता आणि बिघाड डोळ्यांना दिसल्याशिवाय मानायचा नाही.

"दिसत नाही, लागतंय. हात लाव."

"लावला."

"मग?"

"पुटकुळी असेल एखादी."

"पुटकुळी मला कळते, मंदार. आणि असं फार हलवू नकोस, बिघडेल."

"लाव म्हणतेस, लावला की हलवू नको म्हणतेस. मी करू काय?"

एरवी ऋजुता यावर फिसकन हसली असती. तिने फक्त नाकाने श्वास सोडला. गेले काही आठवडे ती अशीच हसायची.

*

सगळं सुरू झालं जुईच्या उष्टावणाच्या फोटोपासून. बाळंतपणात ऋजुताचे केस गळाले, डोळे खोल गेले, गाल बसले. तिचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. बाळ रात्री तीनदा उठतं म्हटल्यावर गालांकडे कोण बघतं? पण उष्टावणाचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर आला आणि नणंदेने, प्राचीने, खाली लिहिलं, "वहिनी, तू जुईची आजी दिसतेस गं यात!" पाठोपाठ हसण्याची चित्रं. ऋजुतानेही एक टाकलं. मग तो फोटो मोठा करून बघितला. परत बघितला. जुई मोठी झाल्यावर हा फोटो पाहील आणि म्हणेल, ही माझी आई?

तोवर मिरजेत औषधांच्या दुकानांइतकेच त्वचेचे दवाखानेही झाले होते, आणि गाल भरून घेणं भुवया कोरून घेण्याइतकं साधं झालं होतं. लोक त्या औषधाला 'जाणता जेल' म्हणत.

आपल्या कातडीत, सांध्यांत, अगदी डोळ्यांतसुद्धा पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ असतो, हायलुरॉनिक आम्ल. प्रयोगशाळेत तो बनवायचा, त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतवून त्याचा जेल करायचा आणि सुईने गालात भरायचा, ही पद्धत जुनीच. पण जुना जेल मुका होता. जिथे टाकला तिथे बसायचा. माणूस हसलं की गाल एकीकडे आणि जेल दुसरीकडे, त्यामुळे चेहरे मेणाचे दिसायचे. नव्या जेलच्या साखळ्यांमधले दुवे ओढ बसली की सुटायचे आणि ओढ थांबली की नव्या जागी जुळायचे. टोचल्यावर काही आठवडे तो कच्चा असायचा. या आठवड्यांत स्नायू जसे हलतील तशा त्या साखळ्या लागत जायच्या. मग जेल पिकायचा आणि ती घडी वर्षानुवर्षं टिकायची. ज्याचं हसू तिरकं, त्याचा जेलही तिरकं हसायला शिके. कुणालाही शंका येत नसे की या गालात काही भरलंय.

अंगावर पाजणाऱ्या बाईला तो देत नसत. ऋजुताने जुईचं दूध ठरवलं होतं त्याहून बरंच आधी तोडलं. जुई चार-पाच दिवस पदर ओढत राहिली, मग बाटलीला रुळली. "बघ, किती शहाणी आहे," असं सगळे म्हणाले.

डॉक्टर तहसीन मुजावर ऋजुताच्याच वयाच्या होत्या. सुई काढून ठेवताना त्या म्हणाल्या, "झालं. आता हसा, रडा, नवऱ्याशी भांडा, पापड खा. चेहऱ्याला जे करायचं ते करू द्या."

"आणि पथ्य?"

"पथ्य काही नाही."

संध्याकाळी जयसिंगपूरहून आईचा फोन आला. पथ्य काही नाही हे ऋजुताने तिला सांगितलं.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही, आई."

"अगं, साध्या खोकल्याच्या औषधाला पथ्य असतं. दही नको, केळं नको. आणि हे तोंडात एवढं भरलंय आणि पथ्य नाही? तुझ्या बाबांचा हात मोडला तेव्हा प्लास्टर ओलं असताना हलवू दिला का कुणी? ओलं आहे तोवर हलवायचं नाही, ऋजू. गवंड्यालासुद्धा कळतं हे."

"हा जेल वेगळा आहे. उलट हलवायचाच आहे."

"ती डॉक्टरीण सांगेल गं. तिला गिऱ्हाईक हसतं हवं. तू आपलं जप."

बाळंतपणात आईने सांगितलेल्या प्रत्येक पथ्याची ऋजुताने आधी टिंगल केली होती आणि मग ते निमूट पाळलं होतं. गार पाणी नाही, वाटाणा नाही, कान उघडे ठेवायचे नाहीत. पदवीला जीवशास्त्र शिकलेली मुलगी जूनच्या उकाड्यात कानाला रुमाल बांधून बसली होती. आणि सगळं नीट पार पडलं होतं ना? मग ते रुमालामुळे की रुमाल असूनही, याचा छडा कोण लावणार? काळजी करणाऱ्याला पथ्यासारखा आधार नाही. काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटतं.

थोडं जपलं तर बिघडतंय कुठं, असं ऋजुताने मनाशी म्हटलं.

तिने भाकरी दुधात कुस्करून खायला सुरुवात केली. बोलायची ती ओठांच्या ओठांत. आणि हसायचं नाही. हसण्यानेच तर गाल सगळ्यात जास्त हलतात.

नेमक्या त्याच दिवसांत जुईला एक विनोद सापडला होता. मंदारच्या मुंजीत आलेली एक स्टीलची वाटी होती, काठावर कुणा कुलकर्ण्यांचं नाव कोरलेली. जुई ती डोक्यावर पालथी घालायची, दोन्ही हात सोडायची, मान जरा वाकडी करायची. वाटी ठण्णकन फरशीवर पडायची आणि जुई आईकडे बघायची. ते बघणं असं असायचं की दगडालाही हसू फुटावं. वरचे दोन दात दिसत, भुवया कपाळात गेलेल्या, श्वास रोखलेला. आता आई काय करते?

आई भिंतीकडे तोंड फिरवायची. हसू पोटातून वर येऊ लागलं की ती गालांवर तळहात दाबून, कपाळ भिंतीला टेकवून उभी राहायची. खांदे हलायचे. मग हसू ओसरलं की चेहरा पुसल्यासारखा करून वळायची आणि म्हणायची, "हं, छान हं जुई."

जुई परत वाटी ठेवायची. परत ठण्ण. आई परत भिंतीकडे.

*

"ताप? दुखतंय? लाली?" डॉक्टर मुजावरांनी विचारलं. जुई ऋजुताच्या मांडीवर होती.

"नाही."

"मग जंतुसंसर्ग नाही. चांगली गोष्ट आहे. बघू या आत काय चाललंय."

त्यांनी सोनोग्राफीचा पेनएवढा यंत्रदंड गालावरून फिरवला. पडद्यावर राखाडी थर उमटले, आणि त्यांत काळे ठिपके.

"नवीन जेल सहसा असा करत नाही," त्या पुटपुटल्या. "पातळ पसरतो. हा गोळा झालाय. एक डोळ्याखाली, दोन इथे गालावर, एक ओठाच्या टोकाशी." मग त्यांनी पडद्यावर बोटाने त्या ठिपक्यांमधून रेघ ओढली. डोळ्याखालून गालावरून ओठाच्या कोपऱ्याकडे, एक बाकदार रेघ. "ऋजुताताई, तुम्ही पिठलं करता ना? पीठ लावताना हात थांबवला तर काय होतं?"

"गुठळ्या होतात."

"तेच झालंय. बाकी चेहऱ्यात तो छान पसरलाय. बोलताना, चावताना जेवढं हलतं तेवढ्या भागात ठीक आहे. फक्त या एका वाटेवर कुणी ढवळलंच नाही. ही हसण्याची वाट आहे." त्या ऋजुताकडे वळल्या. "घरी काही झालं होतं का? दुखवटा वगैरे?"

"नाही. मी पथ्य पाळलं."

"मी तर म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंत तुम्ही."

डॉक्टर खूप काही बोलू शकल्या असत्या. त्यांनी यंत्र पुसून ठेवलं आणि जुईकडे वळून दोन्ही गाल फुग्यासारखे फुगवले. फट्कन फोडले. जुईने डॉक्टरांकडे टक लावून बघितलं. मग मान उचलून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. जुईच्याही चेहऱ्यावर काही आलं नाही. ती परत डॉक्टरांकडे बघू लागली, एखाद्या भिंतीवरच्या पालीकडे बघावं तशी.

"नेहमी अशीच शांत असते?"

"शहाणी आहे," ऋजुता म्हणाली.

"या वयात मुलं आईला विचारून हसतात," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज उगाचच हलका ठेवलेला होता. "नवीन काही दिसलं की आधी आईचा चेहरा वाचायचा. आई हसली म्हणजे हे हसण्यासारखं आहे. आई घाबरली म्हणजे घाबरण्यासारखं. आईचा चेहरा बंद असला तर आधी खूप खटपट करतात, हात नाचवतात, ओरडतात. उत्तर आलं नाही की सोडून देतात. घाबरू नका लगेच. ते परतही येतं. फक्त..."

गाठींना दोन उपाय होते. जेल अजून पुरता पिकला नव्हता. रोज गालांना शेक द्यायचा आणि खूप हसायचं. ढवळलं की गुठळ्या फुटतील. मात्र खोटं हसून भागणार नाही, कारण खोट्या हसण्यात ओठ वर जातात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू आवळत नाही. तो हुकूम मानत नाही, त्याला खरंच हसू यावं लागतं. आणि नाहीच जमलं तर दुसरा उपाय, जेल विरघळवणारं इंजेक्शन. त्याने सगळंच जाईल, गाठी आणि गाल, दोन्ही.

"आधी हसून बघा," डॉक्टर म्हणाल्या. "स्वस्त आहे."

*

मंदारने काम अंगावर घेतलं. संध्याकाळी ऋजुता शेकाची पिशवी गालाला लावून बसायची आणि हा समोर उभा. त्याने साहेबांची नक्कल केली. ऋजुताची ओढणी डोक्यावर घेऊन प्राचीची नक्कल केली. कॉलेजात त्याने पहिल्यांदा पुरणपोळी करायला घेतली होती आणि पुरण पंख्याला जाऊन चिकटलं होतं, ती गोष्ट सांगितली. त्या गोष्टीवर ती लग्नाआधी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती.

"हा, हा," ऋजुता म्हणाली.

"हे हसू नाही, ही हजेरी झाली."

"मी प्रयत्न करतेय ना!"

"तेच तर. प्रयत्न दिसतोय सगळा."

तो तिच्याशेजारी मटकन बसला. जुई सतरंजीवर होती. मंदारच्या ओढणीकडे तिने एकदा बघितलं, मग आईकडे, आणि परत रंगीत ठोकळे एका रांगेत लावायला लागली. फार नीट रांग लावायची ती.

"मंदार, जुई वाटी कधीपासून ठेवत नाही रे डोक्यावर?"

"कुठली वाटी?"

त्याला माहीतच नव्हतं. तो दिवसभर बाहेर असायचा. ते नाटक दोघींचंच होतं, आणि त्याला प्रेक्षक एकच होती. ऋजुताने आठवायचा खूप प्रयत्न केला. पहिला दात, पहिल्यांदा पालथी पडली, आधाराशिवाय पहिल्यांदा बसली तो दिवस, तिच्याजवळ सगळ्याचे फोटो होते. पण वाटी शेवटची कधी पडली? तो कुठला तरी साधा दिवस असणार. जुईने वाटी ठेवली असेल, पडली असेल, आई भिंतीकडे वळली असेल. आणि आई परत वळली तेव्हा जुई दुसऱ्याच कशात तरी रमलेली असेल. आईला वाटलं असेल, बरं झालं बाई, सुटले.

तिला हसवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला तिने हसवू दिलं नव्हतं.

तिने शेकाची पिशवी खाली ठेवली. "विरघळवून टाकू, मंदार."

"अजून थोडे दिवस बघू. गाल किती छान..."

"नकोत मला ते गाल."

*

डॉक्टर मुजावरांनी आधी मनगटाजवळ थेंबभर औषध टोचून वावडं नाही ना ते तपासलं. मग गाठीगाठीत सुई घातली. ते औषध म्हणजे साखळ्या कातरणारं एक विकर, एन्झाइम, होतं. आपल्या शरीरातही ते असतं, रोज थोडं थोडं जुनं आम्ल मोडत असतं. इथे तेच काम एका दिवसात करायचं होतं. जळजळलं. चेहरा सुजला, मग सूज उतरली, आणि उतरताना गालही घेऊन गेली. उष्टावणाच्या फोटोतली बाई आरशात परत आली. जराशी जास्तच ओढलेली.

गाठी मात्र गेल्या. बोट फिरवलं की कुठेच अडखळत नव्हतं.

जुईच्या पहिल्या वाढदिवसाला आई आली. दारातच तिने लेकीचा चेहरा बघितला आणि हातातली डब्याची पिशवी खाली ठेवायची विसरली. स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसली. मग मेथीच्या काड्यांकडेच बघत म्हणाली, "पथ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी आजवर बघितलं नव्हतं गं."

"असू दे, आई."

"मी आपलं काळजीनं बोलले."

"बोललीस तू. पाळलं मी."

आईने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात जुई भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. आजीने मुद्दाम नाक वर ओढून "ढुम्म" केलं. जुईने आजीकडे बघितलं, मग ऋजुताकडे. ऋजुता हसली. ओठ रुंद करून, दात दाखवून. जुईने ते हसू नीट तपासलं आणि पुढे निघून गेली.

"गंभीर आहे पोर," आई म्हणाली. "तुझ्यासारखी. तू पण लहानपणी..." आणि तिथेच थांबली, कारण ऋजुता लहानपणी अशी नव्हती. ती खिदळायची. शाळेतून तक्रारी यायच्या.

*

दुसऱ्या दिवशी आई गेल्यावर, दुपारी, ऋजुताने मांडणीतून ती वाटी काढली. कुलकर्ण्यांचं नाव कोरलेली. फरशीवर जुईसमोर मांडी घालून बसली आणि वाटी स्वतःच्या डोक्यावर पालथी घातली. दोन्ही हात सोडले. मान वाकडी केली.

ठण्ण.

जुईने ठोकळ्यावरून मान वर केली.

ऋजुताने परत ठेवली. या वेळी वाटी पडली ती काठावर. फरशीवरून गडगडत गेली, फ्रिजला आपटली, उलट फिरली आणि गोल गोल घुमत, नखरे करत, ठणठणठण करत थेट ऋजुताच्याच चपलेत जाऊन बसली. जणू तिला आधीपासून तिथेच जायचं होतं.

आणि ऋजुताला हसू आलं. तिला कळायच्या आत आलं. डोळे आवळले गेले, गाल वर चढले, मधे काही लागलं नाही, काही अडलं नाही. ती हसत सुटली, किती महिन्यांचं कोण जाणे. हसता हसता तिने जुईकडे बघितलं.

जुईचे डोळे मोठे झाले होते. तिने वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं. भुवया कपाळात गेल्या. ओठाचा कोपरा थरथरला, एकदा, दोनदा, आणि वरचे दोन दात दिसले. येतंय, ऋजुताने श्वास रोखला, येतंय, आलं...

जुई वळली. ठोकळे ओलांडून, हातांचा आधार घेत ती भिंतीपाशी गेली. दोन्ही तळहात तिने गालांवर दाबले आणि कपाळ भिंतीला टेकवलं. तिचे इवलेसे खांदे हलत होते. आवाज येत नव्हता.

थोड्या वेळाने खांदे थांबले. जुईने चेहऱ्यावरून हात खाली ओढला आणि ती आईकडे वळली. चेहरा अगदी नितळ. एक सुरकुती नाही. आपण हे बरोबर केलं का, हे विचारत ती बघत होती.

ऋजुताने तिला जवळ ओढलं. तिच्या गालांवरून बोट फिरवलं, डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मऊ, कोवळे गाल. आत काहीच नव्हतं. विरघळवावं असं काही हाताला लागलंच नाही.

मग तिने चपलेतली वाटी उचलली, पदराने पुसली आणि परत डोक्यावर ठेवली.